चवडा घासतोय: पाऊल लुळं आहे की पोटरी ताठ?

अर्धांगवायूनंतर चालायला लागलेल्या माणसाची चप्पल अंगठ्याकडे झिजली की घरचे म्हणतात, "पाय उचलतच नाही." पण चवडा घासण्याची कारणं दोन आहेत. एक तर नडगीलगतचा, पाऊल वर उचलणारा स्नायू लुळा पडलेला असतो. नाहीतर पोटरी इतकी आवळते की तीच पाऊल खाली ओढून धरते. दोन्हींत माणूस पाय कंबरेतून बाजूला फिरवून पुढे टाकतो, म्हणून गल्लत होते.

पाऊल टेकतं कसं ते बघा. लुळ्या पावलाची टाच टेकली की मागोमाग चवडा फटकन आपटतो. शेजारच्या खोलीतही ऐकू येतं. पोटरी ताठ असली तर टाच आधी टेकतच नाही. चवडा किंवा करंगळीकडची कड आधी लागते, अंगाचा भार आला की गुडघा मागे ढकलला जातो. घोटा मुरगळण्याची भीती इथे जास्त.

खात्री हातानेच होते. रुग्णाला उताणं झोपवा, गुडघा सरळ. टाच तळहातात धरा, तळव्याला आपल्या हाताचा कोपर ते मनगट हा भाग टेकवा आणि पाऊल नडगीकडे अगदी सावकाश न्या. मग तेच एकदा झटकन करा. दोन्ही वेळा अडथळ्याशिवाय वर आलं तर पाऊल लुळं. सावकाश येतं पण झटक्याला मध्येच अडतं, किंवा शिलाई मशीनवरच्या पायासारखं थडथडतं, तर पोटरीचा ताठरपणा. सावकाश नेऊनही काटकोनापर्यंत आलं नाही, तर स्नायू आखडून आखूड होऊ लागलाय. गुडघा वाकवल्यावर पाऊल जास्त वर आलं, तर आखडलाय तो पोटरीचा वरचा, गुडघ्यामागून येणारा स्नायू. टाच बाहेर वळू देऊ नका; वळली की पाऊल उगाच जास्त वर आल्यासारखं वाटतं.

सगळ्यात महागात पडते ती स्प्लिंटची, म्हणजे पावलाला आणि घोट्याला आधार देणाऱ्या पट्टीची निवड. लुळ्या पावलाला पातळ, लवचीक पट्टीचा स्प्लिंट पुरतो. तोच ताठ पोटरीला दिला तर ती त्याला सहज वाकवते आणि पाऊल आत वळतं. तिथे घोटा दोन्ही बाजूंनी धरणारा कडक स्प्लिंट लागतो. उलट नुसत्या लुळ्या पावलाला कडक स्प्लिंट घातला तर घोट्याची उरलीसुरली हालचालही जाते.

व्यायामाचंही तसंच. लुळ्या पावलासाठी खुर्चीत बसून टाच जमिनीवर ठेवायची, चवडा उचलायचा, 10 वेळा, अशा 3 फेऱ्या. स्नायू अजिबात हलत नसेल तर विजेच्या मशीनची मदत. ताठ पोटरीला आधी ताण: उतरत्या फळीवर, टाच खालच्या बाजूला टेकवून, आधार धरून उभं राहणं. झटके देऊन ताणायचं नाही, झटक्यानेच ती जास्त आवळते.  ताठरपणा फार असेल तर डॉक्टर स्नायू सैल करणारं बोटुलिनमचं इंजेक्शन देतात. असर साधारण 3 महिने. ताण आणि चालण्याचा सराव त्याच काळात उरकायचा असतो.

आणि ताठ म्हणजे ताकदवान नव्हे. पोटरी आवळलेली असली तरी पाऊल मागे रेटायला बहुधा कमजोरच असते, नडगीचा स्नायूही सोबत लुळा असू शकतो. पहिल्या आठवड्यांत लुळं असलेलं पाऊल पुढे ताठ होतं, हेही नेहमीचं. म्हणून सुरुवातीला घेतलेला स्प्लिंट तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्या. तो काढल्यावर कातडीवरचा लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर पुन्हा न घालता बनवणाऱ्याकडे न्या. पायाची संवेदना कमी असेल तर रुग्णाला तो टोचलेला कळतही नाही.