सिरॅमिक टाईल : जीवनचक्र आणि पर्यावरणावरील परिणाम

जमिनीला व भिंतीला लावायच्या सिरॅमिक टाईलसाठी खाणीतून माती निघते तेव्हापासून ती टाईल राडारोड्यात जाईपर्यंत किती ऊर्जा, पाणी आणि खनिजे खर्च होतात आणि हवा-पाण्यात काय मिसळते, याचा हिशेब म्हणजे टाईलचे जीवनचक्र मूल्यांकन. हिशेबाचे एकक सहसा एक चौरस मीटर टाईल असते. पद्धतीची सर्वसाधारण चौकट आयएसओ १४०४० व १४०४४ या २००६ च्या मानकांत आहे. युरोपात बांधकाम साहित्यासाठी ईएन १५८०४ आणि खास सिरॅमिक टाईलसाठी ईएन १७१६० (२०१९) ही मानके वापरतात. त्यांनुसार उत्पादक जे पत्रक प्रसिद्ध करतात, त्यात टाईलचे आयुष्य बहुधा ५० वर्षे धरलेले असते. टाईलचा वार्षिक भार या ५० वर्षांवर उभा असल्याने ही अट वाचकाने आधीच लक्षात ठेवावी.

टाईलचा बहुतेक भार तिच्या आयुष्याच्या पहिल्या काही तासांतच पडतो. एकदा भाजून झाली की ती काही जाळत नाही, गंजत नाही, हवेत काही सोडत नाही. त्यामुळे ती किती वर्षे जागेवर राहते, यावर तिचा वार्षिक भार ठरतो.

मातीपासून पावडरीपर्यंत

टाईलचा गाभा चिकणमाती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांचा असतो. गुजरातमधील मोरबीच्या कारखान्यांना चिकणमाती थानगढ आणि बिकानेर भागातून येते, फेल्डस्पार व क्वार्ट्झ मुख्यतः राजस्थानातून. म्हणजे टाईल व्हायच्या आधीच कच्चा माल शेकडो किलोमीटर फिरून आलेला असतो. युरोपची स्थितीही याहून वेगळी नाही. इटलीतील सास्सुओलो आणि स्पेनमधील कास्तेयॉन या टाईलनगरींना भाजल्यावर पांढरी दिसणारी माती बऱ्याच प्रमाणात युक्रेनच्या दोनबास भागातून मिळे. २०२२ च्या युद्धाने तो पुरवठा तुटला आणि कारखान्यांना मिश्रणे बदलावी लागली.

कच्चा माल बॉल मिलमध्ये पाण्याबरोबर दळतात. तयार होणाऱ्या गाऱ्याला कारखान्यात स्लरी म्हणतात आणि त्यात वजनाने साधारण एक तृतीयांश पाणी असते. ही स्लरी स्प्रे ड्रायर नावाच्या उंच नळकांड्यात फवारतात. तिथे गरम हवेने पाणी उडते आणि रव्यासारखी सहज वाहणारी पावडर खाली पडते. एक चौरस मीटर टाईलचे वजन २२ किलो धरले, तर तिच्यापोटी सुमारे १० लिटर पाण्याची नुसती वाफ होते. ही वाफ करायला लागणारी उष्णता कारखान्याच्या एकूण उष्णतेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असते. टाईल म्हटले की सगळ्यांना भट्टी आठवते, पण इंधनाचा दुसरा मोठा गिऱ्हाईक स्प्रे ड्रायर आहे. ब्राझीलमधील सांता जेर्त्रूदेस परिसरात तिथली लाल माती पाण्याशिवाय, कोरडीच दळतात, त्यामुळे हा खर्च बराच वाचतो. तलम, पांढऱ्या व्हिट्रिफाइड (काचेसारख्या घट्ट भाजलेल्या) टाईलला मात्र अनेक खनिजांचे एकजीव मिश्रण लागते, म्हणून तिथे ओली पद्धतच टिकून आहे.

या टप्प्यावरचा खरा धोका कामगाराच्या फुफ्फुसाला असतो. क्वार्ट्झची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेली की सिलिकोसिस होतो आणि त्यावर इलाज नाही. दळण, छाननी, प्रेस अशा प्रत्येक ठिकाणी धूळ ओढून घेणारी यंत्रणा हवी आणि ती चालू ठेवायला हवी. जीवनचक्राच्या नेहमीच्या पत्रकात कार्बनला पहिली ओळ मिळते, पण कामगाराच्या छातीतल्या धुळीसाठी रकाना नसतो. मूल्यांकनाची ही उणीव मोठी आहे आणि ती उघडपणे मांडली गेली पाहिजे.

भट्टी

प्रेसमधून निघालेली कच्ची टाईल वाळवून तिच्यावर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, चढवतात, डिजिटल छपाई करतात आणि मग ती रोलर भट्टीत जाते. या भट्ट्या शंभर मीटरहून लांब असतात आणि रात्रंदिवस पेटलेल्या असतात. फिरत्या रुळांवरून टाईल एका टोकाने आत जाते आणि तासाभरात दुसऱ्या टोकाने भाजून बाहेर येते. व्हिट्रिफाइड टाईलसाठी तापमान १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, भिंतीच्या टाईलला त्याहून थोडे कमी पुरते. पूर्वी बोगदा-भट्टीत हेच काम कित्येक तास चाले, शिवाय गाभा एकदा आणि ग्लेझ चढवून पुन्हा एकदा भाजत. १९७० च्या दशकात इटलीत एकदाच भाजायची पद्धत आणि रोलर भट्टी रूढ झाली. ऊर्जेची टाईलउद्योगातील सर्वांत मोठी बचत याच बदलाने झाली.

एकूण उष्णतेपैकी साधारण निम्मी भट्टीत जाते. युरोपातील नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या कारखान्यांच्या पत्रकांत एक चौरस मीटर टाईल कारखान्याच्या दारात येईपर्यंत १० ते १५ किलो कार्बन डायऑक्साइड सुटल्याचे आकडे दिसतात. जाडी वाढली की आकडा वाढतो, म्हणूनच पातळ टाईलला पर्यावरणाच्या दृष्टीने अर्थ आहे. भारतात विजेचा वाटा जास्त भरतो, कारण आपल्या ग्रीडच्या एका युनिट विजेमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो.

भट्टीतून बाहेर पडणारे सगळे इंधनातूनच येते असे नाही. भिंतीच्या टाईलमध्ये चुनखडी घालतात. १०० किलो चुनखडी तापली की तिच्यातून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, मग इंधन कितीही स्वच्छ असो. मातीत मुळातच थोडे फ्लोरीन असते, ते भाजताना हायड्रोजन फ्लोराइड होऊन धुराड्यातून निघते. सास्सुओलो परिसराने १९७० च्या दशकात फ्लोराइड आणि ग्लेझमधील शिशाचे प्रदूषण सोसले. त्यानंतर धूर चुन्याच्या भुकटीतून गाळण्याची पद्धत तिथे सक्तीने आली आणि पुढे जगभर गेली. शिशाचा वापरही टाईलच्या ग्लेझमधून जवळजवळ हद्दपार झाला.

ग्लेझचा थर वजनाने नगण्य असतो, पण त्यातील काच वेगळ्या भट्टीत वितळवून घ्यावी लागते आणि पांढरेपणासाठी किनाऱ्यावरच्या वाळूतून काढलेले झिरकॉन लागते. खनिजसंपत्तीच्या ऱ्हासाच्या निकषात हा पातळ थर गाभ्याच्या तोडीस तोड भरू शकतो.

मोरबी

टाईलच्या उत्पादनात चीनखालोखाल भारताचा क्रमांक लागतो आणि भारतातील बहुतांश टाईल मच्छू नदीकाठच्या मोरबी-वांकानेर पट्ट्यात होते. मुंबई-पुण्याच्या दुकानांत मांडलेला मालही बव्हंशी तिथलाच असतो. या पट्ट्यात कित्येक वर्षे भट्ट्या कोल गॅसिफायरच्या गॅसवर चालत. कोळसा अर्धवट जाळून केलेला हा गॅस स्वस्त पडे, पण त्यासोबत डांबर आणि फिनॉलयुक्त काळे पाणी निघे. हे पाणी उघड्यावर आणि ओढ्यांत सोडल्याच्या तक्रारी वाढत गेल्या. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने मोरबीतील कोल गॅसिफायर बंद करण्याचा आदेश दिला आणि कारखाने नैसर्गिक वायूकडे वळले.

टाईलच्या भारतीय इतिहासात या आदेशाइतका मोठा पर्यावरणीय बदल दुसरा झालेला नाही. तरी काम अर्धेच झाले. लवादाचा आदेश भट्टीच्या गॅसपुरता होता. स्प्रे ड्रायरला गरम हवा पुरवणाऱ्या शेगड्यांत कोळसा आणि लिग्नाइट जळतच राहिले. २०२२ मध्ये वायूचे भाव चढले तेव्हा अनेकांनी प्रोपेन घेतला. इंधन बदलले की त्याच टाईलचा कार्बन-आकडा बदलतो, म्हणून मोरबीच्या मालाचे पत्रक वाचताना ते कोणत्या वर्षाचे आणि कोणत्या इंधनाचे आहे हे पाहणे आवश्यक आहे.

कारखान्यातील कचऱ्याचे दोन प्रकार पडतात. भाजण्यापूर्वी तुटलेली टाईल परत बॉल मिलमध्ये जाते, तिची माती वाया जात नाही. भाजलेला तुकडा दळायला कठीण, तरी थोड्या प्रमाणात चालतो. खरी अडचण पॉलिशच्या गाळाची आहे. आरशासारखी चकाकी आणण्यासाठी टाईल सिलिकॉन कार्बाइडच्या दगडांनी घासतात आणि त्याचे कण गाळात उतरतात. हा गाळ मिश्रणात घातला तर भट्टीत कार्बाइडमधून वायू सुटतो आणि टाईल फुगते. म्हणून गाळाचे ढीग साचतात. मॅट टाईल घेतली तर पॉलिशची वीज आणि हा गाळ दोन्ही टळतात.

वाहतूक आणि बसवणी

मोरबीहून पुण्याला ट्रकने सुमारे ८०० किलोमीटर अंतर पडते. २२ किलो वजनाच्या एका चौरस मीटरमागे या प्रवासाचा कार्बन दीड ते दोन किलो येतो. टाईल जड असते, त्यामुळे जवळच्या बाजारात विकली जाणारी टाईल आणि जहाजाने परदेशी जाणारी टाईल यांचे आकडे वेगळे पडतात.

बसवणीचा हिशेब मात्र फार थोडे जण करतात. आपल्याकडे गवंडी जमिनीवर सिमेंट-वाळूचा ४० ते ५० मिलिमीटर माल पसरतो, त्यावर सिमेंटची पातळ रबडी ओततो आणि टाईल ठोकून बसवतो. एकास सहा प्रमाणाच्या ४० मिलिमीटर थरात प्रत्येक चौरस मीटरला सुमारे ११ किलो सिमेंट जाते, रबडीचे तीन-चार किलो वेगळे. सिमेंटच्या प्रकाराप्रमाणे यातून सात ते दहा किलो कार्बन डायऑक्साइडचा भार येतो. म्हणजे टाईलखाली दिसेनासा होणारा माल कार्बनच्या बाबतीत टाईलच्या जवळपास पोहोचतो. कोबा सपाट असेल तर तीन-चार मिलिमीटर टाईल अॅडेसिव्हमध्ये तेच काम होते आणि सिमेंट कितीतरी कमी लागते. अॅडेसिव्ह महाग म्हणून नाकारले जाते, पण त्याने टाईलखाली पोकळी राहत नाही. पुढे टाईल पोकळ वाजून सुटण्याचा संभवही कमी होतो.

कापण्यात आणि फुटण्यात पाच ते दहा टक्के माल जातो. मोठ्या आकाराच्या टाईल लहान न्हाणीघरात लावल्या तर हे प्रमाण वाढते.

वापर

युरोपीय पत्रकांत लादी आठवड्यातून एकदा वगैरे पुसली जाते असे धरतात. आपल्या घरात ती रोज पुसतात. आठ-दहा लिटरच्या एका बादलीत ५० चौरस मीटर पुसले, तर दर चौरस मीटरला वर्षाला साठ-सत्तर लिटर पाणी लागते. कारखान्यात उडालेल्या १० लिटरपेक्षा हे कितीतरी जास्त, शिवाय फिनाइल वेगळे. भारतीय घरासाठी वापराचा टप्पा नव्याने मोजायला हवा, उसने आकडे इथे चालत नाहीत.

याउलट टाईलला पॉलिश, वॉर्निश किंवा रंगाची गरज पडत नाही आणि तिच्यातून घरात रासायनिक वाफा सुटत नाहीत. व्हिनाइल किंवा कार्पेट दहा-वीस वर्षांत बदलावे लागते. अशा वस्तूंशी तुलना केली की दीर्घ मुदतीत टाईल उजवी ठरते. शहाबादी आणि कोटा फरशीला मात्र भट्टीच लागत नाही. खाण जवळ असेल तर या दगडी फरशीपुढे टाईलचा कार्बनचा हिशेब टिकत नाही, खाणीचे खड्डे आणि कापणीची पूड हे तिचे स्वतंत्र प्रश्न असले तरी.

आता ५० वर्षांच्या अटीकडे वळू. टाईल, माल आणि वाहतूक मिळून एका चौरस मीटरला सुमारे २२ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर ५० वर्षांत वर्षाला अर्ध्या किलोहून कमी पडतो. तीच टाईल १२ वर्षांत उखडली तर वार्षिक भार पावणेदोन किलोच्या वर जातो. टाईल झिजली म्हणून घर उकरल्याची उदाहरणे थोडी. न्हाणीघरातून खालच्या मजल्यावर गळती होते, दोन टाईल फुटतात आणि ते डिझाइन बाजारातून गेलेले असते, बिल्डरने लावलेली टाईल ताबा मिळताच नको वाटते, किंवा तीस-चाळीस वर्षांची इमारत पुनर्विकासाला जाते. बसवणीच्या वेळी एक-दोन पेट्या जास्त घेऊन माळ्यावर ठेवणे आणि न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग पाणी साठवून नीट तपासणे, या दोन गोष्टींनी जितका कार्बन वाचतो तितका दुकानातले हिरवे लेबल पाहून वाचत नाही.

उखडल्यानंतर

सिमेंटमध्ये घट्ट बसलेली टाईल अखंड निघत नाही, त्यामुळे तिचा पुनर्वापर जवळजवळ शून्य आहे. जुन्या फरशीवरच अॅडेसिव्हने नवी लावली की राडारोडा टळतो, पण दारांच्या उंचीची आणि स्लॅबवरच्या वजनाची तपासणी आधी करावी लागते. तुकडे निरुपद्रवी असतात. दळून ते रस्त्याच्या भरावात, पेव्हर ब्लॉकमध्ये वापरता येतात. गच्चीवर पांढऱ्या तुकड्यांचे चायना मोझेक करण्याची आपल्याकडची रीत हा उत्तम पुनर्वापर आहे, कारण त्याने पाणीही अडते आणि ऊनही परावर्तित होऊन वरचा मजला कमी तापतो. मात्र शहरांत निघणाऱ्या तुकड्यांपैकी फार थोडे गच्चीवर पोहोचतात. बाकीचे गोण्यांत भरून नाल्यांच्या आणि नद्यांच्या काठी पडतात, पात्र अरुंद करतात आणि पावसाळ्यात पूर वाढवतात.

बांधकाम व पाडकाम कचऱ्यासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये स्वतंत्र नियम केले. त्यांच्या जागी २०२५ चे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून अमलात आणायचे ठरले. नव्या नियमांतील विस्तारित उत्पादक जबाबदारी, म्हणजे कचऱ्याचे पुढे काय होते याचे उत्तरदायित्व, २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकाम प्रकल्पांसाठी आहे. एका सदनिकेच्या न्हाणीघरातून निघालेल्या पंधरा-वीस गोण्या त्या जबाबदारीत येत नाहीत. त्या उचलण्याचे काम महापालिकेच्या संकलन व्यवस्थेवर आणि घरमालकाने ठरवलेल्या टेम्पोवाल्यावरच राहते.