साखरेचा दाणा आणि जेट इंजिनाचं पातं

तेजस विमानांसाठीची इंजिनं अमेरिकेतनं वेळेवर येईनात अशा बातम्या मध्यंतरी सारख्या येत होत्या, तेव्हाची गोष्ट. कुपवाडला मामांकडं गेलो होतो. मामांचं सगळं आयुष्य फौंड्रीत गेलं, आधी मोल्डर, मग सुपरवायझर, आता रिटायर झालेत पण फर्स्ट शिफ्टच्या टायमाला अजून आपोआप जाग येते. पेपर माझ्याकडं सरकवत म्हणाले, "चंद्रावर यान उतरवलं की रं आपण. मग ह्या इंजिनासाठी दुसऱ्याच्या दारात का उभं ऱ्हायला लागतंय? तू इंजिनेर न्हवं, सांग की."

मी कायतरी थातूरमातूर सांगून चहा पिऊन आलो, पण प्रश्न डोक्यातनं जाईना. प्रश्न बरोबरच आहे, फक्त त्यातली तुलना गंडलीय. रॉकेट आणि जेट दोन्ही मागून आग ओकतात म्हणून सख्खे भाऊ वाटतात. पण इस्रोचं विकास इंजिन उड्डाणात तीन-साडेतीन मिनिटांच्या आत आपलं काम संपवतं, की गेलं समुद्रात. प्रवासी विमानाचं इंजिन मात्र हजारो तास चालावं लागतं, सकाळी पुणे-दिल्ली, दुपारी दिल्ली-पुणे, परत उद्या तेच. एक दिवाळीतला बाण आणि एक रोजची पिठाची गिरणी असा तो फरक आहे (रॉकेट सोपं असतं असं म्हणत नाहीये, इस्रोवाले मारतील मला).

आता हे इंजिन चालतं कसं ते पटकन सांगतो. बऱ्याच जणांना वाटतं की गरम वायू मागच्या हवेला ढकलतो म्हणून विमान पुढं जातं. तसं नाही. इंजिन पुढनं हवा घेतं, तीच जास्त वेगानं मागं फेकतं, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानं पुढं ढकललं जातं, फुगा सोडल्यावर पळतो तसं. आत तीन मुख्य गोष्टी असतात: हवा दाबणारा कॉम्प्रेसर, इंधन जाळायची जागा, आणि त्या गरम वायूवर फिरणारं टर्बाईन. टर्बाईन एका शाफ्टनं कॉम्प्रेसरला जोडलेलं, म्हणजे मागचा फिरतो म्हणून पुढचा फिरतो.

आणि खरी गोम इथंच आहे. टर्बाईननं काढलेल्या ताकदीतली अर्ध्याहून जास्त ताकद हा कॉम्प्रेसरच खातो. उसाचं बिल आलं की सोसायटी आधी आपलं कर्ज कापून घेते आणि उरलं तर शेतकऱ्याच्या हातात, तसं. कॉम्प्रेसर जरा जरी ढिसाळ असला की हातात शून्य. म्हणून तर जॉन बार्बर नावाच्या इंग्रजानं गॅस टर्बाईनचं पेटंट १७९१ मध्येच घेऊन ठेवलं होतं, पण स्वतःच्या ताकदीवर चालून वर चार पैसे उरवणारं यंत्र जमायला १९०३ उजाडलं. नॉर्वेच्या एगिडियस एलिंगनं ते केलं. उरलेली ताकद किती, तर ११ हॉर्सपॉवर! आमच्या मळ्यात विहिरीवरची मोटर साडेसातची आहे, म्हणजे दीड मोटर. त्याच वर्षी राईट बंधू उडाले, साध्या पेट्रोल इंजिनावर.

हातात जास्त उरवायचं तर दोन रस्ते. एक, कॉम्प्रेसर आणि टर्बाईनच्या पात्यांचा आकार सुधारा. ग्रिफिथ नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १९२६ मध्ये दाखवून दिलं की लोक सपाट पाती वापरतात म्हणून हवा त्यांना चिकटून वाहत नाही, विमानाच्या पंखासारखा आकार द्या. दुसरा रस्ता म्हणजे वायू जास्त गरम करा. जितका गरम, तितकं टर्बाईन जास्त काम काढतं. जेट इंजिनाचा पुढचा सगळा इतिहास मला तरी ह्या दुसऱ्या रस्त्याचाच वाटतो.

फ्रँक व्हिटलची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. ब्रिटिश हवाई दलातला बावीस वर्षांचा पोरगा, जानेवारी १९३० मध्ये जेट इंजिनाचं पेटंट टाकतो, सरकारला काही देणंघेणं नाही. १९३५ मध्ये पेटंट रिन्यू करायला पाच पौंड लागणार होते, ते त्याच्याकडं नव्हते आणि सरकारनं भरले नाहीत, गेलं पेटंट. पुढं मित्रांनी भांडवल जमवलं आणि १२ एप्रिल १९३७ ला रग्बी गावात त्याचं इंजिन पहिल्यांदा चालू झालं. चालू झालं ते थांबेचना. इंधनाचा व्हॉल्व्ह बंद केला तरी किंचाळत वेग वाढतोच आहे, बाकीचे सगळे जीव घेऊन पळाले, हा तिथंच. नंतर कळलं की आत आधीच गळून इंधनाचं डबकं साचलं होतं, ते संपेपर्यंत इंजिन कुणाचं ऐकणार नव्हतं. तिकडं जर्मनीत हान्स फॉन ओहाइन स्वतंत्रपणे त्याच मागं लागलेला, आणि उडायच्या शर्यतीत तोच जिंकला: हाइन्केल १७८ हे विमान २७ ऑगस्ट १९३९ ला उडालं, महायुद्ध पेटायच्या पाच दिवस आधी. व्हिटलच्या इंजिनावरचं ग्लॉस्टर विमान उडायला १५ मे १९४१ उजाडला.

युद्धात जर्मनांनी मेसरश्मिट २६२ हे जेट लढाऊ विमान हजारावर बनवलं. त्याच्या युमो ००४ इंजिनाचं आयुष्य किती, तर १० ते २५ तास. तास! डिझाईन चांगलं होतं, आजच्या इंजिनासारखी हवा सरळ रेषेत नेणारी रचना होती, पण निकेल आणि क्रोमियमचा तुटवडा, मग काय करणार, साध्या पोलादावर ॲल्युमिनियमचा थर देऊन भागवलं. ब्रिटिशांकडं निकेल होतं, त्यांनी निमोनिक नावाचा मिश्रधातू काढला आणि त्यांची इंजिनं टिकली. म्हणजे डोकं दोघांकडं होतं, फरक धातूचा होता.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीवर येतो, ती म्हणजे टर्बाईनच्या पहिल्या रांगेतलं एक पातं. तळहातावर मावेल एवढं असतं. ते मिनिटाला दहा हजारांच्या वर फेरे घेतं, आणि त्या फिरण्यामुळं त्याला बाहेर ओढणारा जोर दहा टनांच्या वर जातो. उसानं भरलेला ट्रक त्या एका पात्याला टांगलाय असं समजा. आणि हे सगळं कुठं, तर १५०० अंशांच्या वरच्या वायूत. निकेल स्वतः १४५५ अंशांना वितळतं, पात्याचे मिश्रधातू तर त्याच्याही आधी. म्हणजे ज्या आगीत त्याचं पाणी व्हायला पाहिजे, त्या आगीत ते ट्रक उचलून उभं आहे.

मग वितळत का नाही? एक, ते आतनं पोकळ असतं आणि कॉम्प्रेसरची थोडी हवा चोरून त्यात सोडलेली असते. ही 'थंड' हवा म्हणजे सहाशे-सातशे अंशांची हां, पण त्या जागी तिला थंडच म्हणायचं. ती पात्याच्या अंगावरच्या बारीक बारीक भोकांतनं बाहेर पडते आणि पात्याभोवती पातळ चादर धरते. दुसरं, वरनं झिरकोनिया ह्या सिरॅमिकचा लेप, केसाच्या जाडीच्या दोन-तीन पट. दाताची कॅप बसवतात ना, त्याच जातीचा. तरी धातू हजाराच्या आसपास तापतोच, आणि मग खरा शत्रू वितळणं नसतो, क्रीप असतो. नायलॉनची दोरी ओल्या चादरीनं महिन्याभरात खाली येते बघा, तुटत नाही, हळूहळू लांबते. तसं पातं लांबतं. पात्याचं टोक आणि बाहेरचं कवच ह्यांच्यात मिलिमीटरभरसुद्धा जागा नसते. लांबलं की घासलं.

क्रीप सुरू कुठनं होतो ते कळायला जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली बादली बघा. अंगावर पत्रीसारखी फुलं दिसतात ना, ते जस्ताचे वेगवेगळे दाणे. प्रत्येक दाण्यात अणू अगदी शिस्तीत रांगेत, पण शेजारच्या दाण्याची रांग दुसऱ्या दिशेला, आणि दोन दाण्यांमधला बांध म्हणजे कमजोर जागा. उष्णतेत दाणे ह्याच बांधावरनं सरकतात, चिरा इथंच पडतात. आता, साखरेचा एकेक दाणा हा एकच स्फटिक असतो, आणि गुळाची ढेप म्हणजे असंख्य बारीक स्फटिकांचा गोळा. साधं कास्टिंग म्हणजे गुळाची ढेप. १९६० च्या दशकात अमेरिकेत प्रॅट अँड व्हिटनीमधल्या फ्रान्सिस व्हर्सनायडर आणि मंडळींनी ठरवलं की अख्खं पातं साखरेच्या एका दाण्यासारखं ओतायचं. एकच स्फटिक, आत बांधच नाही.

ओतायची पद्धत मेणाची. मेणाचं पातं करायचं, आतल्या पोकळीसाठी सिरॅमिकचा कोअर, वरनं चिखलासारखे सिरॅमिकचे थर, मग मेण वितळवून काढायचं आणि व्हॅक्यूममध्ये वितळलेल्या धातूचा रस ओतायचा. मूर्ती ओतणारे कारागीर हेच करतात, आणि बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वरानं मानसोल्लासात ही मेणाची पद्धत लिहून ठेवलीय, हे खरंय. पण लगेच 'बघा, आपल्या ऋषींकडं पाऱ्याची विमानं होती' हा मेसेज नका पाठवू. त्या विमानांच्या ग्रंथाचा अभ्यास बंगळुरूच्या आयआयएससीतल्या पाच जणांनी १९७४ मध्येच केला, ग्रंथ विसाव्या शतकातला निघाला आणि त्यातली विमानं उडण्यासारखी नाहीत असं त्यांनी दाखवलं. मूर्तिकाराचं खरं कौतुक सोडून खोट्या विमानाचं कौतुक कशाला करायचं, मला समजत नाही.

असो, साचा. साच्याच्या तळाला पाण्यानं गार केलेली तांब्याची प्लेट, आणि वर भट्टी. साचा भट्टीतनं खाली सरकवायचा, मिनिटाला काही मिलिमीटर. रस तळाकडनं गोठत वर येतो. तळाला शेकडो दाणे उगवतात, पण निकेलचा स्फटिक त्याच्या घनाकृतीच्या कडेच्या दिशेनं सगळ्यात जोरात वाढतो, त्यामुळं ज्यांची कड बरोबर उभी आहे ते पुढं जातात आणि वाकडे मागं पडून दाबले जातात. थोडं वर गेल्यावर साच्यात एक बारीक वेटोळं असतं, त्याला पिगटेल म्हणतात, डुकराची शेपटी. त्या वळणातनं एकच दाणा पलीकडं निघतो, आणि वरचं सगळं पातं त्याच एका दाण्याचं होतं. फायदा दुहेरी, कारण ती उभी दिशा स्फटिकाची सगळ्यात लवचिक दिशा पण असते, त्यामुळं तापून-गार होऊन पडणारा ताणही कमी. शिवाय आत निकेल-ॲल्युमिनियमचे अतिसूक्ष्म घन विटांसारखे रचलेले, ज्यांची ताकद तापल्यावर एका ठराविक तापमानापर्यंत उलट वाढते. इथं आमचे सर रेनियम, गॅमा-प्राईम करत फळा भरवायचे आणि मागचे दोन बाक झोपायचे, म्हणून थांबतो. अशी पाती प्रवासी विमानात आली १९८२ मध्ये.

आपल्याकडं तेजससाठी आपलं स्वतःचं इंजिन बनवायचा कावेरी प्रकल्प १९८९ चा, आणि २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळं करावं लागलं. पण हैदराबादच्या डीएमआरएल ह्या डीआरडीओच्या धातू प्रयोगशाळेनं २०२१ मध्ये हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी सिंगल क्रिस्टलची, म्हणजे एकाच स्फटिकाची ६० पाती एचएएलला (हिंदुस्थान एरोनॉटिक्स) बनवून दिली. म्हणजे हात बसतोय हळूहळू.

परत कुपवाडला गेलो तेव्हा हे सगळं मामांना सांगितलं. न्यूटन, व्हिटल वगैरे त्यांनी नुसतं ऐकून घेतलं, पण साच्याशी आल्यावर सावरून बसले. तांब्याची प्लेट म्हटल्यावर लगेच, "म्हंजे चिलच की. रस लवकर गोठावा म्हणून साच्याला आम्ही लावायचो." बादली उचलून उन्हात धरली, फुलं बघितली. डुकराच्या शेपटीवर हसले. मग जरा गप्प राहून विचारलं, "आणि रिजेक्शन किती जातंय?"

मी म्हटलं, मामा, वेटोळ्यातनं चुकून दुसरा दाणा घुसला, कोअर केसभर हलला, की पातं भंगारात. एक्स-रे लावून प्रत्येक पातं तपासतात. पण शंभरात किती जातात, रस किती अंशावर ओततात, साचा नेमका किती वेगानं ओढतात, हे कुठलीच कंपनी बाहेर सांगत नाही. इंजिन विकतील, पण हे नाही सांगणार.

"मग बरोबर हाय," मामा म्हणाले, "आम्ही तरी शेजारच्या फौंड्रीला कुठं सांगत होतो," आणि बादली परत नळाखाली नेऊन ठेवली.