डीएससी रिन्यू करताना: पात्रता, कागदपत्रं आणि टोकन लावूनही सही अडते तेव्हा

"भाऊ, डोंगल लावेल शे, पन सही लेत नही."

सप्टेंबरअखेर किंवा मार्चअखेर जवळ आली की असा फोन हमखास येतो. कधी जळगाव एमआयडीसीतल्या चटई कारखान्यातून, कधी रावेरकडच्या केळी उत्पादक कंपनीच्या संचालकाचा, तर कधी थेट धडगावच्या ग्रामपंचायतीतून. काहींच्या डीएससीची, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये (डोंगलमध्ये) ठेवलेल्या डिजिटल सहीच्या सर्टिफिकेटची मुदत संपलेली असते, त्यांचं काम सोपं. डोकं खातात ते दुसरे: त्यांनी पैसे भरून रिन्यू केलेलं असतं आणि तरी सही उमटत नाही.

घोळ 'रिन्यू' या शब्दातच आहे. ड्रायव्हिंग लायसन्स रिन्यू केलं तर नंबर तोच राहतो, फक्त तारीख पुढे सरकते. डिजिटल सहीचं तसं नाही. जुनं सर्टिफिकेट मुदत संपली की कायमचं संपतं. तुम्हाला मिळतं ते सगळंच नवं असतं, नवा अनुक्रमांक आणि किल्ल्यांची, म्हणजे सही करायच्या आणि ती तपासायच्या संगणकीय कोडांची, नवी जोडी. जुन्याशी नातं एवढंच, की नाव आणि पॅन तेच. म्हणून जुनी सही जिथे जिथे नोंदवली होती, तिथे नवी पुन्हा नोंदवावी लागते. डाउनलोड झालं म्हणजे निम्मंच काम झालं.

कोणाला मिळते, काय लागतं

माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 प्रमाणे प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांचा परवाना असलेल्या संस्थाच हे सर्टिफिकेट देतात. ई-मुद्रा, एनकोड, कॅप्रिकॉर्न ही त्यातली आपल्याकडे ऐकू येणारी नावं. शहरातला डीएससीवाला हा त्यांचा फक्त मधला माणूस. क्लास 2 प्रकार 1 जानेवारी 2021 पासून बंद झाला, त्यामुळे आता क्लास 3 च घ्यायचा. मुदत एक, दोन किंवा तीन वर्षं.

वैयक्तिक सहीसाठी पॅन, आधार किंवा पत्त्याचा दुसरा मान्य पुरावा, फोटो, आणि तुमच्याच हातात असलेला मोबाइल नंबर व ई-मेल. आधारवरून केवायसी करणार असाल तर आधारला जोडलेलं सिम चालू पाहिजे. ओटीपी तिथेच येतो. संस्थेच्या नावाने हवी असेल तर जीएसटी किंवा नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेचा पॅन आणि सही करणाऱ्याला अधिकार दिल्याचं लेटरहेडवरचं पत्र जोडायचं. कंपनी असेल तर ठरावाची प्रतही. सरकारी कर्मचाऱ्याला कार्यालयाचं ओळखपत्र आणि कार्यालयप्रमुखाचं पत्र लागतं.

अर्ज सर्वात जास्त अडतो तो नावावर. आधारवर वडिलांचं पूर्ण नाव, पॅनवर नुसतं आद्याक्षर. एका कार्डावर नावामागे 'भाऊ' किंवा 'सिंग' लागलेलं, दुसऱ्यावर नाही. नंदुरबारकडे पाडवी, वळवी, वसावे या आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग घरातल्या घरात दोन तऱ्हांनी सापडतं. अर्ज भरण्याआधी दोन्ही कार्डं शेजारी ठेवून अक्षर-अक्षर जुळवा. फरक असेल तर आधी आधार किंवा पॅन दुरुस्त करा, कारण सर्टिफिकेटवर एकदा उमटलेलं नाव नंतर बदलत नाही.

मग व्हिडिओ पडताळणी. स्वतः कॅमेऱ्यासमोर बसायचं, विचारलेलं सांगायचं, मूळ पॅन दाखवायचं. मुलाला किंवा मुनिमाला बसवून चालत नाही. जिनिंगच्या आवाजात रेकॉर्ड केलेला व्हिडिओ परत येतो, आणि सातपुड्यातल्या गावांत रेंज नसेल तर तालुक्याला आलेलं बरं. मुदत संपायच्या पंधरा-वीस दिवस आधी हे उरकलं की शेवटच्या दिवसाची धावपळ वाचते. सर्टिफिकेटची मुदत तारखेबरोबर वेळेवरही संपते, हे टेंडरवाल्यांनी विशेष ध्यानात ठेवावं.

डाउनलोड करताना

टोकन जुनंच चालू शकतं, पण त्याचा ड्रायव्हर संगणकावर हवा आणि पासवर्ड आठवायला हवा. ठरावीक वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की टोकन लॉक होतं. मग कोणीतरी सहज सांगतो, "इनिशियलाइज करून टाका." थांबा. त्यात टोकनमधलं सगळं पुसलं जातं, आणि आतली खासगी किल्ली दुसरीकडे कुठेच नसते.

टेंडर उघडणाऱ्या अधिकाऱ्यांनी तर हे कटाक्षाने पाळावं. महाटेंडर्स या राज्याच्या ई-टेंडर पोर्टलवर ठेकेदाराची बोली उघडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या एन्क्रिप्शन सर्टिफिकेटने (सहीच्या सर्टिफिकेटहून वेगळं, मजकूर कुलूपबंद करणारं) बंद होते. नवं सर्टिफिकेट आलं म्हणून जुनं पुसलं, किंवा बदली झालेला माणूस टोकन घेऊन गेला, की आधी आलेल्या बोली उघडायच्या कशाने? जुन्या बोली उघडून होईपर्यंत जुनी एन्क्रिप्शन किल्ली जपायची.

पोर्टलवर पुन्हा नोंद

आयकर पोर्टलवर प्रोफाइलमध्ये डीएससी नोंदवायची सोय आहे. कंपनीसाठी सही करणाऱ्याची डीएससी कंपनीच्या खात्यात नोंदवायची नसते. ती त्या व्यक्तीच्या स्वतःच्या पॅनच्या खात्यात नोंदवायची असते. इथे किती जण चुकतात! जीएसटीवर प्रोफाइलमध्येच 'रजिस्टर / अपडेट डीएससी' आहे, पण अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा पॅन तिथे आधी जोडलेला हवा. शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांना कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर 'असोसिएट डीएससी' करावं लागतं. ग्रामपंचायतीत ई-ग्रामस्वराजवरून पैसे सोडताना सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) दोघांच्या सह्या लागतात. एकाची नोंद राहिली तरी पेमेंट तिथेच बसतं.

तरी चालत नसेल तर

पहिल्यांदा संगणकाचं घड्याळ बघा. पारोळ्यात एका दुकानात मी दीड तास ड्रायव्हर काढत-घालत बसलो होतो, आणि कोपऱ्यात साल दिसत होतं 2009. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपलेली, रात्री लाइट गेली की तारीख मागे जायची. संगणकाच्या मते ते सर्टिफिकेट अजून जन्मलेलंच नव्हतं.

घड्याळ ठीक असेल तर सही करताना येणारी यादी नीट वाचा. एकाच नावाची दोन-तीन सर्टिफिकेटं दिसतात आणि बोट सवयीने वरच्यावर जातं. मुदतीची तारीख पाहून नवं निवडा, आणि सहीसाठी सहीचंच निवडा, एन्क्रिप्शनचं नाही.

यादीच येत नसेल तर पोर्टल आणि टोकन यांच्यामधला छोटा प्रोग्राम बंद असतो. जीएसटीला एमसाइनर लागतो, आयकरला एमब्रिज. तो ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून सुरू करा, अँटिव्हायरस अडवतोय का बघा आणि ब्राउजर पूर्ण बंद करून उघडा. टोकन दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावून पाहणं हा उपाय अडाणी वाटतो, पण लागू पडतो.

टोकन हरवलं तर नवं मागवण्याआधी देणाऱ्या संस्थेकडे सर्टिफिकेट रद्द करण्याचा अर्ज करा. रद्द झालेल्यांची यादी त्या संस्था प्रसिद्ध करतात, आणि पोर्टल सही घेताना ती पडताळू शकतं. टोकन आणि पासवर्ड सीएच्या किंवा एजंटाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची आपल्याकडे रीत आहे. पण कायद्याच्या कलम 42 प्रमाणे खासगी किल्ली सांभाळण्याची जबाबदारी सर्टिफिकेटधारकाची असते.

पीडीएफवर सहीशेजारी पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं म्हणून घाबरून परत सही करू नका. बहुधा त्या संगणकावर भारताच्या मूळ सर्टिफिकेटवर विश्वास ठेवलेला नसतो. सहीवर क्लिक करून तो विश्वास एकदा दिला की हिरवी खूण येते.