चकती, शह आणि अर्धा सेकंद

आइस हॉकीची चकती कडक रबराची, साधारण १७० ग्रॅम वजनाची. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, म्हणजे बर्फावर फारशी उसळत नाही. कसलेल्या खेळाडूने निळ्या रेषेवरून सणसणीत फटका हाणला, की ती ताशी १५० किलोमीटरने सुटते आणि सुमारे १९ मीटरवरचा गोल अर्ध्या सेकंदाच्या आत गाठते. फ्रेंच माणूस सेकंदाला साधारण सात अक्षरे बोलतो. मग त्या अर्ध्या सेकंदात फ्रेंच समालोचकाच्या तोंडून जेमतेम तीन अक्षरे निघणार!

११ ऑक्टोबर १९५२ रोजी माँट्रियलच्या फोरम स्टेडियममध्ये रने लकाव्हालिए यांच्यापुढे हेच कोडे होते. कॅनडाच्या टीव्हीवरचा तो पहिला हॉकी सामना, माँट्रियल विरुद्ध डेट्रॉईट, आणि फ्रेंच समालोचन त्यांच्याकडे. महायुद्धात उत्तर आफ्रिकेतून रेडिओसाठी वार्तांकन केलेला हा माणूस.

अडचण नुसत्या वेगाची नव्हती. माँट्रियल ज्या प्रांतात आहे, त्या क्वेबेकमधली माणसे घरी फ्रेंच बोलत, पण बर्फावर 'पक' (चकती) आणि 'स्लॅपशॉट' (सणसणीत फटका) हे इंग्रजी शब्दच चालत. लकाव्हालिए यांनी फ्रेंच शब्द रुळवले. पकला 'राँदेल', म्हणजे गोल चकती. वायसरलाही फ्रेंचमध्ये हाच शब्द. स्लॅपशॉटला 'लाँसे फ्रापे'. चार अक्षरे, इंग्रजीच्या दुप्पट! तरी जमायचे कसे? इथे भौतिकशास्त्र मदतीला येते. हा फटका मारताना खेळाडू काठी मागे उंच नेतो आणि चकतीच्या किंचित अलीकडे बर्फावर आपटतो. काठी धनुष्यासारखी वाकते, तिच्यात ऊर्जा साठते आणि काठी सरळ होताना ती चकतीला मिळते. काठी वर गेली, तिथेच फटका ओळखू येतो. शब्द तेव्हाच सुरू करायचा.

२८ सप्टेंबर १९७२ रोजी मॉस्कोत कॅनडाच्या पॉल हेंडरसनने शेवटची ३४ सेकंद उरली असताना सोव्हिएत संघावर विजयी गोल केला, तो फ्रेंच कॅनडाने लकाव्हालिए यांच्याच आवाजात ऐकला. १९८४ मध्ये त्यांना हॉकीच्या समालोचकांसाठीचा फॉस्टर ह्यूइट पुरस्कार मिळाला.

मला त्यांच्या शब्दांतला सर्वांत आवडतो तो 'मिझ-आँ-नेशेक': प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडकून अडवणे. यातला 'एशेक' बुद्धिबळाच्या पटावरचा. इंग्रजी हॉकीतला 'चेक' जुन्या फ्रेंचमधूनच तिकडे गेलेला, म्हणजे हा शब्द पुन्हा माहेरी आला. आणि त्याचे मूळ आहे फारसी 'शाह'. आपण पटावर 'शह' देतो, तोही तिथूनच आलेला.