जनुक साहित्य खनन

प्रकाशित जैववैद्यकीय शोधनिबंधांच्या मजकुरातून जनुकांमधील कार्यसंबंध संगणकाने हुडकण्याची पद्धत. मेडलाइन या जैववैद्यकीय निबंधांच्या नोंदींच्या संग्रहातील शीर्षके व गोषवारे हा तिचा मुख्य आधार.

तिच्या उगमाविषयी मतभेद आहेत. शिकागो विद्यापीठातील माहितीशास्त्रज्ञ डॉन स्वॉन्सन यांनी १९८६ मध्ये माशांचे तेल आणि रेनो विकार (थंडीत बोटांचा रक्तपुरवठा आकसण्याचा विकार) या विषयांवरील निबंध ताडून पाहिले. हे दोन्ही गट एकमेकांची दखल जवळजवळ घेत नव्हते; तरी रक्ताचा दाटपणा व प्लेटलेटची गुठळी होणे यांची चर्चा दोन्हींकडे होती. त्यावरून या विकारात तेल उपयोगी पडावे, असे अनुमान त्यांनी मांडले. काही लेखक येथूनच प्रारंभ धरतात. मात्र या मांडणीत जनुके नव्हती. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मायक्रोॲरे या अनेक जनुकांची सक्रियता एकदम मोजणाऱ्या तंत्रामुळे एकेका प्रयोगातून शेकडो जनुकांच्या याद्या निघू लागल्या आणि त्यांचा अर्थ लावण्याची निकड भासली; प्रस्तुत शाखेचा आरंभ त्या सुमारास मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

सर्वांत सोपी रीत सहउल्लेखाची : दोन जनुके एकाच नोंदीत आली की त्यांच्यात दुवा जोडायचा. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पबजीन’ने १ कोटीहून अधिक मेडलाइन नोंदींतून १३,७१२ मानवी जनुकांचे जाळे असेच विणले. ‘अमुक जनुकाचा तमुकाशी संबंध आढळला नाही’ हे वाक्यही येथे दुवाच ठरते, हा रीतीचा उघड दोष.

सुप्त अर्थानुक्रमणाची रीत निराळी. प्रत्येक जनुकाविषयीचे गोषवारे एकत्र करून त्याचा एक दस्तऐवज करतात, शब्द व दस्तऐवज यांची सारणी मांडतात आणि एकलमूल्य विघटन या गणिती क्रियेने तिच्या मिती घटवतात, म्हणजे असंख्य शब्दांऐवजी मोजकेच अर्थघटक ठेवतात. उरलेल्या अवकाशात दोन जनुकांच्या सदिशांमधील (स्थान दाखवणाऱ्या बाणांमधील) कोन जितका लहान, तितके त्यांचे नाते निकटचे. त्यामुळे कधीही एकत्र न उल्लेखलेली जनुकेही शेजारी येतात. होमायुनी व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ५० जनुकांच्या संचावर, रीलिन या मेंदूच्या विकासातील प्रथिनाच्या संकेतमार्गाच्या आधारे, ही रीत तपासली.

नावांचा घोळ हा जुना अडथळा. फळमाशीतील एका जनुकाचे नाव नुसते ‘व्हाइट’, म्हणजे रोजचाच इंग्रजी शब्द आहे. उलट टीपी५३ हे जनुक अनेक निबंधांत पी५३ या त्याच्या प्रथिनाच्या नावानेच येते. जनुकनामे ओळखण्याची कसोटी ‘बायोक्रिएटिव्ह’ स्पर्धेच्या पहिल्या फेरीपासून (२००३–०४) आहे.

‘स्ट्रिंग’ या प्रथिनसंबंधांच्या माहितीसाठ्यात मजकुरातून मिळालेला पुरावा प्रयोगांच्या पुराव्याबरोबर, पण वेगळ्या गुणांकाने नोंदवला जातो. ज्या जनुकांवर फारसे लेखनच झालेले नाही, त्यांच्याबाबत मात्र या सर्व रीती लंगड्या पडतात.