गालिच्यातलं मेण खालून वर कसं चढतं?

गालिच्यावर मेणबत्तीचं मेण सांडलं तर त्यावर कागद ठेवून इस्त्री फिरवावी, हा उपाय बहुतेकांना माहीत असतो. तो लागू का पडतो, असं विचारलं की मात्र ठरलेलं उत्तर येतं: 'उष्णतेनं मेण उडून जातं.' हे चूक आहे. पॅराफिन मेण उकळायला ३७० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापमान लागतं. इतकी तापलेली इस्त्री मेणाआधी गालिच्याचाच निकाल लावेल. सांडलेलं मेण गालिच्यातून निघतं आणि जवळजवळ सगळंच्या सगळं कागदात जाऊन बसतं. तेही गुरुत्वाकर्षणाच्या उलट दिशेनं, खालून वर.

त्याआधीचं काम सोपं आहे. मेण पूर्ण थिजू द्यावं, पिशवीत बर्फ घालून त्यावर ठेवावा. थंड मेण ठिसूळ होतं आणि आकसतंही. मग बोथट सुरीनं टवके काढले की वरचा थर निघून येतो. उरतं ते तंतूंना वेढून बसलेलं मेण, आणि खरी गंमत त्याच्यात आहे.

मेणबत्तीची वात आठवा. वितळलेलं मेण वातीतून ज्योतीपर्यंत चढतं ते केशाकर्षणामुळे, म्हणजे बारीक फटींत द्रव आपोआप ओढला जातो त्यामुळे. शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांना मेणबत्तीवर व्याख्यानं दिली, तेव्हा हे दाखवायला मिठाचा एक स्तंभ बशीत उभा केला आणि बशीत निळा द्राव ओतला. द्राव स्तंभात चढत गेला. तो मिठाचाच संपृक्त द्राव होता, म्हणजे आणखी मीठ विरघळवू न शकणारा. नाहीतर प्रयोग संपेपर्यंत स्तंभ उभा राहिला नसता!

आता थोडं गणित. ज्या पदार्थाला द्रव सहज ओला करतो, त्याच्या बारीक छिद्रात तो द्रव ओढला जातो. हा ओढ लावणारा दाब म्हणजे पृष्ठताणाची (द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा आकसू पाहतो, त्या ताणाची) दुप्पट भागिले छिद्राची त्रिज्या. वितळलेल्या मेणाचा पृष्ठताण मीटरला सुमारे ०.०२६ न्यूटन, पाण्याच्या निम्म्याहूनही कमी. गालिच्याच्या तंतूंमधल्या फटीची त्रिज्या ५० मायक्रोमीटर धरली, तर दाब येतो साधारण १,००० पास्कल. कागदातल्या छिद्राची ५ मायक्रोमीटर धरली, तर १०,००० पास्कलच्या थोडा वर. दोन्हीकडे मेण तेच, ओढ दसपट! मेणाचा एक सेंटिमीटर उंच स्तंभ गुरुत्वाकर्षणामुळे खाली दाबतो तो जेमतेम ७५ पास्कलनं. 'गरम केलं की मेण आणखी खाली झिरपेल' ही भीती म्हणूनच अर्धीच खरी आहे. वर कागद नसेल तर ते झिरपेलच. केस वाळवायच्या यंत्रानं नुसती गरम हवा मारली तर नेमकं हेच होतं: मेण पातळ होतं आणि जवळच्या कोरड्या तंतूंमध्ये पसरतं.

बारकाईनं पाहणारा वाचक इथे अडवेल: तापमान वाढलं की पृष्ठताण घटतो, आणि इस्त्रीखाली सर्वात गरम कागदच असतो. मग कागदाची ओढ कमी नाही का होणार? होते, पण अंशाला साधारण ०.०००१ न्यूटन प्रति मीटर या हिशेबानं. कागद आणि गालिचा यांत ३० अंशांचा फरक असला, तरी घट दहा-बारा टक्क्यांची. दसपट ओढीपुढे ती नगण्य. शिवाय उष्णता वरून येत असल्यानं आधी वरचं मेण वितळतं आणि तळाचं थिजलेलंच राहतं, म्हणजे खाली जायची वाट काही काळ बंदच असते.

छिद्रं भरली की ओढ संपते. कारण ही ओढ मेण आणि हवा यांच्या सीमेवरच्या वक्र पृष्ठभागातून येते, आणि भरलेल्या छिद्रात ती सीमाच उरत नाही. तेलकट झालेला कागद लगेच बदलायचा तो यासाठी. टीपकागद किंवा साधा तपकिरी कागद उत्तम. मासिकाचा गुळगुळीत कागद नको, त्याची छिद्रं लेपानं बुजलेली असतात. बटर पेपर तर तेल शिरू नये म्हणूनच बनवलेला असतो. वर्तमानपत्राची शाई गालिच्यावर उतरण्याचा धोका असतो.

मेणबत्तीचं पॅराफिन साधारण ४६ ते ६८ अंशांत वितळतं. इस्त्रीवरची एका ठिपक्याची खूण म्हणजे जास्तीत जास्त ११० अंश. तेवढी पुरे, वाफ बंद ठेवून. पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या धाग्याचा गालिचा १६० अंशांच्या आसपास वितळतो आणि त्याच्या बराच आधी मऊ पडतो, त्यामुळे तिथे हात जपूनच ठेवावा.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र ओतायचा 'जादुई' उपाय सगळीकडे फिरत असतो. आम्ल आणि सोडा फसफसतात, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे उरतं मुख्यतः पाणी व सोडियम ॲसिटेट. पॅराफिनचे रेणू म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्या. सौम्य आम्ल, सौम्य अल्कली, पाणी यांतल्या कशाशीच त्यांची क्रिया होत नाही. फेस दिसायला छान, मेण जागच्या जागी.

रंगीत मेणबत्तीत आणखी एक कटकट असते. मेण कागदात गेलं तरी रंगाचे काही रेणू तंतूंत मुरलेले राहतात. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल पांढऱ्या कापडावर घेऊन डाग टिपावा, घासू नये. गालिच्याचा स्वतःचा रंग उतरत नाही ना, हे आधी एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात पाहावं. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा ते पूर्ण उडून जाईपर्यंत त्या जागी पुन्हा इस्त्री लावू नये.