जेटेबलमधला सेल टेस्टच्या हाती का लागत नसे?

पडद्यावर तक्ता दिसतो, त्यात चौकटी, म्हणजे सेल, दिसतात. आपोआप चालणारी टेस्ट लिहिणाऱ्याला साहजिकच वाटतं की बटण शोधून क्लिक करता येतं, तशी चौकटही शोधता येईल. स्विंग ही जावा भाषेतली खिडक्या-बटणं बनवण्याची लायब्ररी आणि जेटेबल हा तिचा तक्ता. त्या जेटेबलमध्ये मात्र अशी चौकट घटक म्हणून नसतेच.

डिसेंबर १९९८मध्ये जावा १.२ आलं आणि स्विंग त्याचा भाग झालं. हजारो ओळींच्या तक्त्यात प्रत्येक सेलसाठी वेगळा घटक ठेवणं परवडणारं नव्हतं, म्हणून चित्र काढण्यापुरता एक रेंडरर असतो. रबरी शिक्का उमटवावा तसा तोच प्रत्येक चौकटीत उमटतो, फक्त मजकूर बदलतो. टाइप करता येईल असा खरा टेक्स्टबॉक्स, म्हणजे एडिटर, एडिटिंग सुरू झाल्यावरच त्या जागी येऊन बसतो आणि काम संपलं की काढून टाकला जातो. वापरणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही. टेस्टची सगळी अडचण मात्र इथेच आहे.

सुरुवातीची वाट पिक्सेल मोजण्याची होती. २००० साली जावा १.३मध्ये रोबोट हा क्लास आला आणि प्रोग्रामला खराखुरा माउस हलवता येऊ लागला. पण कुणी कॉलम थोडा रुंद केला किंवा फॉन्ट बदलला, की क्लिक शेजारच्या सेलवर पडायचं. कंटाळून अनेकांनी आडवाट धरली: मॉडेलवर, म्हणजे तक्त्यामागची माहिती साठवणाऱ्या भागावर, थेट किंमत बदलणारं सेटव्हॅल्यूअ‍ॅट बोलवायचं. टेस्ट हिरवी, म्हणजे पास, व्हायची, पण एडिटर उघडतो का, चुकीचा आकडा अडवला जातो का, हे कुणी तपासलेलंच नसायचं. अशी टेस्ट माझ्या मते नसलेली बरी, कारण ती खोटा भरवसा देते.

खरा बदल झाला तो तक्त्याची रचना ओळखणाऱ्या लायब्ररींमुळे. जावा बनवणाऱ्या सन कंपनीत नेटबीन्स हे प्रोग्रामिंगचं साधन बनवणाऱ्या गटाने जेमी ही अशी लायब्ररी वापरली. जेमीला ओळ, कॉलम आणि नवी किंमत सांगितली की ती सेलपर्यंत स्क्रोल करते, डबल-क्लिक करते, टेक्स्टबॉक्स उगवेपर्यंत थांबते, जुना मजकूर पुसते, नवा टाइप करते आणि एंटर दाबते. अ‍ॅबट आणि पुढे फेस्ट-स्विंग याच दिशेने गेल्या. फेस्टचा वारसा आज असर्टजे स्विंगकडे आहे. फेस्ट आणि असर्टजेने टेक्स्टबॉक्स, कॉम्बो (पर्यायांची यादी) आणि चेकबॉक्स असलेल्या सेलसाठी लिहिण्याची वेगवेगळी पद्धत ठेवली.

‘जुना मजकूर पुसते’ ही पायरी बिनमहत्त्वाची वाटेल, पण ती गाळून पाहा. निवडलेल्या सेलमध्ये ५०० आहे आणि तुम्ही नुसतं ७५० टाइप केलंत, तर जेटेबल आधीचा मजकूर ठेवून पुढे जोडतो. सेलमध्ये ५००७५० दिसतं.

एंटरचंही तसंच. एडिटिंग थांबेपर्यंत नवी किंमत मॉडेलमध्ये जात नाही. एंटर न दाबता माउसने ‘सेव्ह’वर क्लिक केलं, तर पडद्यावर ७५० आणि मॉडेलमध्ये ५०० असं होऊ शकतं. फोकस गेल्यावर एडिटिंग संपवणारी प्रॉपर्टी जेटेबलमध्ये आहे, पण ती आपणहून चालू करावी लागते. म्हणून दोन टेस्ट लिहाव्यात: एक एंटर दाबून, एक न दाबता. दुसरीतच चुका सापडतात.

२००६च्या अखेरीस जावा ६मध्ये जेटेबलला ओळींचं सॉर्टिंग मिळालं आणि आणखी एक गुंता वाढला. दिसणारी तिसरी ओळ मॉडेलमध्ये अकरावी असू शकते. त्यामुळे ‘तिसरी ओळ’ म्हणजे पडद्यावरची की मॉडेलमधली, हे ठरवूनच टेस्ट लिहावी लागते.

मराठी नावं भरणाऱ्या तक्त्यांची अडचण वेगळीच. रोबोटला अक्षरं कळत नाहीत, कळांचे कोड कळतात. आणि ‘ज्ञ’साठी असा कोड नाही. त्यामुळे ‘ज्ञानेश्वर’ सेलमध्ये घालायचं तर मजकूर आधी क्लिपबोर्डवर ठेवायचा, एडिटर उघडायचा, सगळं सिलेक्ट करून पेस्ट करायचं आणि मग एंटर.